आठवड्याच्या बोलीची खोली

आमच्या शाळेत कुणाचं मूल लातूरला शिकवणीला जायचं ठरलं, की त्या घरची बाई मधल्या सुट्टीत मला गाठते. "राजश्रीताई, तुम्ही राहिलात ना तिथं? भेटायला गेलं तर लॉजवर उतरावं, की कुणाच्या घरी खोली घ्यावी? काय परवडतं?"

मी सांगते. लॉजवर चार दिवसांना जेवढं जातं, तेवढ्यात घरातली खोली पंधरा दिवस मिळते. शेगडी मिळते, लेकराच्या पोटात घरचं अन्न जातं, पाण्यासाठी कुणाची मिनतवारी करावी लागत नाही. घरच बरं. एवढं सांगून मी थांबते. बाकीचं कुणी विचारलेलं नसतं.

मी नांदेडला एका खाजगी प्राथमिक शाळेत शिकवते. माझे यजमान हणमंतराव कंधारच्या एका हायस्कुलात कारकून होते. बावीस वर्षं ते रोज सकाळच्या एसटीनं नांदेडहून कंधारला जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. आम्हाला एकच मुलगी, मालविका. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि डॉक्टर व्हायचंच म्हणून तिनं हट्ट धरला. मग आमच्याकडे सगळे करतात तेच आम्ही केलं, अकरावीला तिला लातूरला ठेवलं. ट्यूशन एरियात मुलींचं एक वसतिगृह होतं. दीड वर्ष ती तिथं राहिली.

बारावीच्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत, तिला कावीळ झाली. आम्ही दोघं धावत गेलो आणि बसस्टँडच्या मागच्या एका लॉजवर उतरलो. खोलीला खिडकी होती, पण ती जिन्यात उघडायची. दिवसाला दोन बादल्या पाणी. लातुरात तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे लॉजवाल्याचंही काही चुकत नव्हतं. मालविकाला पथ्याचं मऊ भात-वरण हवं होतं आणि खालच्या हॉटेलात तर्रीशिवाय दुसरं काही मिळत नव्हतं. चौथ्या दिवशी बिल आलं, ते बघून मी पर्समधले पैसे मोजत बसले. हणमंतराव मात्र चप्पल घालून बाहेर पडले ते दुपारी परतले.

"खोली बघून आलो," म्हणाले. "एका बाईंचं घर आहे. आठवड्याच्या बोलीवर देतात. इथं चार दिवस काढले त्यात तिथं पंधरा दिवस निघतात. तू आता मेपर्यंत इथंच राहा. मालूला वसतिगृहातून काढ आणि तुझ्याजवळ ठेव."

"मेपर्यंत? आणि माझी शाळा? तुमच्या जेवणाचं काय?"

"बिनपगारी रजा टाक. मला खिचडी येते. रविवारी येत जाईन मी. तू फिकीर करू नको."

त्यांचा तो उत्साह बघून मला हसू आलं होतं. माणूस स्वस्तातली खोली मिळाली म्हणून किती खूश होतो, असं मी मनात म्हटलं. ते थोडे वाळल्यासारखे दिसत होते. तेही मी बघितलं होतं. पोरीच्या काळजीनं असेल, असं वाटलं.

घर नीलाबाईंचं होतं. साठीच्या आसपासच्या, उंच, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. लिंगायत घरातल्या. खाली त्या एकट्या राहायच्या, वर दोन खोल्या होत्या. शेजारच्या गल्लीत त्यांचा पुतण्या संगमेश राहायचा. त्याची जीप होती, तो भाडी मारायचा. वरच्या खोल्यांची गिऱ्हाइकंही तोच बघायचा.

"सोमवार ते सोमवार," नीलाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "ऱ्हायचं असंल तर दर सोमवारी पुन्हा सांगायचं. आन एक. पोरीला एकटी ठिवून जायचं न्हाई. आई नायतर बाप संगं पायजे. एकटं लेकरू मी ठिवत न्हाई."

खोली स्वच्छ होती. शेगडी होती, पाण्याचं झाकणाचं पिंप होतं, मालविकाला टेबल होतं. फक्त दाराला आतून कडी नव्हती. कडीची भोकं होती, कडी काढून टाकलेली. मी खाली जाऊन तक्रार केली. म्हटलं, लॉजला निदान कडी तरी होती.

"ह्या घरात कुठंच न्हाई," नीलाबाई म्हणाल्या. "खुर्ची लावा दाराला. माझं घर हाय, कुणी येत न्हाई." आणि त्या पीठ मळत राहिल्या.

त्याचं कारण मला पुढं महिन्याभरानं कळलं. मालविकाचा बोर्डाचा पेपर होता म्हणून मी खाली नीलाबाईंजवळ शेंगा फोडत बसले होते. त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपाच्या वेळी त्या आईला बघायला उदगीरला गेलेल्या. गावी नवरा गुरुबसप्पा आणि चार वर्षांची मंजुश्री. जाड दगडी भिंतींचं घर. तिसऱ्या दिवशी त्या गावात पोचल्या तेव्हा मिलिटरीनं सगळ्यांना एकत्र अग्नी देऊन झाला होता.

"आमच्यात जाळत न्हाईत बाई, पुरतेत. पण तितं कोण कुणाचं बघणार? एकाच सरणावर सगळे. माझ्या लेकराचं तोंड मी बघितलं न्हाई. शेजारचा केरबा वाचला होता. तो म्हणला, आतून कडी वाजत व्हती थोडा वेळ." त्यांनी शेंगांची टरफलं ओच्यात गोळा केली. "सरकारनं दिलं त्यात इतं जागा घेतली. पंधरा वर्सं पोरींच्या हॉस्टेलात भाकरी थापल्या, मग ह्या खोल्या बांधल्या. मिस्त्रीनं कड्या लावल्या त्या मीच उपटून काढल्या."

मी उरलेल्या शेंगा पुढं ओढल्या. मालविका पेपर देऊन आली. त्या उठल्या, तिच्यासाठी ताक केलं.

मालविकाचा आणि त्यांचा चांगला जीव जडला होता. ती जिन्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं पाठ करायची आणि नीलाबाई खालून ऐकायच्या. "किती म्हणलीस हाडं?" "दोनशे सहा, अव्वा." "येवढी? आन दुखतंय तर एक गुडघाच." पोरगी हसायची. तिला त्या रोज सकाळी धपाटा आणि दही द्यायच्या, माझी चूल पेटायच्या आधीच. लिंगायत घरांत आई-आजीला म्हणतात तसं मालविकानं त्यांना अव्वा म्हणायला कधी सुरुवात केली, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

हणमंतराव रविवारी यायचे. सकाळची गाडी पकडून अकराला पोचायचे, जेवायचे, मालविकाशी बोलायचे आणि चारच्या गाडीनं परत जायचे. जेवण कमी झालं होतं. विचारलं तर म्हणायचे, "एसटीत पोट ढवळतं." पट्टा आतल्या भोकाला गेला होता. मी म्हणाले, डबा बदला. ते हो म्हणाले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांचं येणं थांबलं. शाळेत निवडणुकीचं केंद्र आहे, मग परीक्षेचं काम आहे, असं फोनवर सांगायचे. आवाज बसलेला असायचा. मालविकाला मात्र त्यांनी शब्द दिला होता, "तुझा नीटचा पेपर सुटेल तेव्हा मी गेटवर उभा असेन."

पेपर मेच्या पहिल्या रविवारी होता. त्याच्या आधीच्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे खाली गेले आणि म्हटलं, "नीलाबाई, हा शेवटचा आठवडा."

त्यांनी मला आत बोलावलं. मालविका क्लासला गेली होती.

"बसा," म्हणाल्या. मी बसले. त्या उभ्याच राहिल्या. "मी एक शबुद दिला व्हता. लिंगावर हात ठिवून. त्यो मोडायली आज."

"कसला शब्द?"

"तुमच्या मालकाला. मार्च म्हयन्यात, त्या रविवारी तुम्ही दोघी गंजगोलाईत बाजाराला गेल्ता, ते लवकर आले. अंगणात चक्कर येऊन बसले. मी पाणी दिलं तर वकले. पिशवीत कागदं व्हती, हैदराबादच्या दवाखान्याची. मला वाचता येत न्हाई, पण असली कागदं मला कळतेत. मी इचारलं. त्यांनी सांगितलं." नीलाबाईंचा आवाज हलला नाही. "पोटात गाठ हाय. डाक्टरनं जानेवारीतच सांगितलं व्हतं, चार म्हयने, लई तर पाच."

मला आधी वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत.

"ते म्हणले, पोरीचा पेपर होऊस्तवर बायकूला कळू देऊ नका. तिला कळलं तर ती पोरीला सोडून येईल, आन पोरीला कळलं तर तिचं सगळं जाईल. म्हणूनच तर तिला इतं आणून ठिवली, म्हणले. मी गप ऱ्हायले. दोन रविवार ते आले न्हाईत. काल दिवसभर मी वाट बघितली. बाई, मी तवा तिसऱ्या दिवशी पोचले व्हते. तुम्ही आज जावा."

लॉजचं बिल आलं त्या दुपारी ते चप्पल घालून बाहेर पडले होते. मी मेपर्यंत इथं राहावं म्हणून त्यांनी केवढा आग्रह केला होता. मला ते सगळं तिथं बसल्या बसल्या दिसलं. त्यांनी स्वस्तातली खोली शोधली नव्हती. माझ्यापासून लपायला त्यांनी मलाच घरातून बाहेर काढलं होतं.

"आणि मालविका?" मी विचारलं.

"तिला मी बघते."

"तुम्ही तर एकट्या मुलीला ठेवत नाही."

"ठिवते म्हणलं ना. जावा तुम्ही."

मालविकाला मी सांगितलं, की एक मेला शाळेचे निकाल लागतात, निकालपत्रकांवर सह्या करायला जावं लागतंय, दोन दिवसांत येते. ती थोडी रुसली, पण पुस्तकात डोकं घालून बसली. संगमेशनं मला स्टँडवर सोडलं.

घरी पोचले तर दार नुसतं लोटलेलं होतं. हणमंतराव पलंगावर होते. त्यांचे थोरले भाऊ राघवेंद्र उशाशी बसले होते. दोन आठवड्यांपासून तेच बघत होते, त्यांच्याकडूनही वचन घेतलेलं. हणमंतरावांनी डोळे उघडले आणि मला बघून त्यांच्या तोंडून पहिलं निघालं ते "मालू कुठाय?"

"लातूरला. नीलाबाईंजवळ."

"तिला सांगितलं?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे त्या बाईंनी शब्द मोडला," म्हणाले, आणि थोडं हसले. मग बराच वेळ माझा हात धरून पडून राहिले. मी भांडायचं ठरवून आले होते. सगळा रस्ता वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही बोलले नाही.

सहा दिवस मिळाले. मी त्यांना भाताची पेज चमच्यानं पाजली, दाढी केली, अंग पुसलं. आम्ही खूप बोललो असं नाही. एकदा ते म्हणाले, "एवढे दिवस एकटं राहिलो, तर घरातले आवाज कळले. फ्रिज किती वाजतो आपला." दवाखान्यात जायला ते तयार नव्हते. डॉक्टर घरी येऊन दुखणं थांबवायचं इंजेक्शन देऊन जायचे. संध्याकाळी मालविकाचा फोन आला की राघवेंद्रभावजी त्यांना उशीला टेकवून बसवायचे. ते दोन मिनिटं बोलायचे, "घसा बसलाय गं, उन्हानं," म्हणायचे, आणि फोन ठेवला की घामानं भिजलेले असायचे. मी रोज म्हणायचे, तिला बोलावू या. ते मान हलवायचे. शनिवारी त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं, "काही झालं तरी पेपर होऊ दे. काही झालं तरी. म्हण." मी म्हटलं.

रविवारी सकाळी पावणेअकराला ते गेले.

घरात रडारड सुरू व्हायच्या आत मी मोबाइल घेऊन गच्चीवर गेले आणि नीलाबाईंना फोन लावला. मला आजही त्या गच्चीवरचं ऊन आठवतं, पायाला चटके बसत होते आणि मी अनवाणी उभी होते. तिकडे लातूरला मालविका आंघोळीला गेली होती. दीडच्या आत केंद्रावर हजर व्हायचं होतं.

"नीलाबाई, ते गेले."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "संगमेशला जीप काढायला सांगते. आता निघालो तर अडीच-तीनला पोचतो."

"नाही. तिला पेपरला जाऊ द्या."

"बाई!"

"त्यांना शब्द दिलाय मी. त्यांचा सगळा जीव त्यात होता. तिची दोन वर्षं गेलीत त्यात. पेपर झाला की आणा."

"आन तवर ठिवतेत का त्यांना?"

"भावजी म्हणतात, दिवस मावळायच्या आत न्यायला हवं. ऊन फार आहे."

"मग ती तोंड कवा बघणार?" नीलाबाई आवाज दाबून बोलत होत्या, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. "राजश्रीबाई, ऐका माझं. पेपर फिरून येतंय पुढच्या वर्साला. तोंड येत न्हाई. पंचवीस वर्सं झाली, मला माझ्या पोरीचं तोंड आठवायचं म्हणलं तर फोटोतलंच येतंय. ते शेवटचं न्हाई येत. तिला इचारा तरी. ती काय म्हणती ते तिला ठरवू द्या."

"मी तिची आई आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त तिला गेटपर्यंत पोचवा. आणि चेहऱ्यावर दाखवू नका."

फोन बंद व्हायच्या आधी मला मालविकाचा आवाज ऐकू आला, "अव्वा, माझा टॉवेल कुठाय?"

पुढचं संगमेशनं मला नंतर सांगितलं. नीलाबाईंनी तिला धपाटा-दही भरवलं. परीक्षेच्या नियमात दागिने चालत नाहीत, म्हणून तिच्या कानातल्या रिंगा काढून पदराच्या गाठीत बांधल्या. गेटवर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती आत गेल्यावर समोरच्या चिंचेखाली बसल्या, त्या साडेपाचपर्यंत उठल्या नाहीत. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. शेकडो आईबाप होते तिथं, सगळे घड्याळं बघत होते.

मालविका बाहेर आली ती हसत. "अव्वा, मस्त गेला! फिजिक्स पण चांगलं गेलं." मग ती गर्दीत बघायला लागली. "बाबा कुठायत? ते येणार होते."

नीलाबाईंनी पदराची गाठ सोडली. रिंगा तिच्या तळहातावर ठेवल्या, तिची मूठ मिटवली आणि ती मूठ दोन्ही हातांत धरून सांगितलं.

जीपमध्ये तासभर ती मूठ तशीच मिटून बाहेर बघत होती. अहमदपूर मागं पडल्यावर एकदम ओरडली, "तुम्हाला माहीत होतं! सकाळी मला भरवत होता तेव्हा माहीत होतं तुम्हाला!"

"हाव," नीलाबाई म्हणाल्या. "माहीत व्हतं."

"मग का नाही सांगितलं? कोण तुम्ही? माझ्या बाबांचं मला का नाही सांगितलं?"

संगमेश म्हणाला, त्याला वाटलं आता काकू सांगेल, की तुझ्या आईनं नको म्हटलं. नीलाबाईंनी सांगितलं नाही. "चुकले मी, बाळा," एवढंच म्हणाल्या.

ती आली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. गोवर्धन घाटावरून सगळे परत येऊन आंघोळी करून बसले होते. पलंगावरची गादी काढलेली होती. ती पलंगाच्या पट्ट्यांवर हात फिरवत उभी राहिली. नीलाबाई आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. मालविकानं दार त्यांच्या तोंडावर लावलं, आणि मी ते उघडलं नाही.

पोरगी पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. नांदेडच्याच विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजला नंबर लागला. लोक म्हणाले, हणमंतरावांच्या कष्टांचं सोनं झालं. तिच्या त्या दिवसाबद्दल कुणी विचारलं की ती एकच सांगायची, "त्या लातूरच्या बाईनं माझ्यापासून लपवलं." सगळे मग नीलाबाईंना नावं ठेवायचे. भाड्याच्या खोलीतल्या बाईला काय माया, ती शेवटी परकीच, असं माझी नणंद म्हणाली. मी तिथंच बसले होते. मी गप्प राहिले.

पहिल्यांदा गप्प राहिले, कारण बोलायची ताकद नव्हती. मग वाटलं, पोरीला आता मीच तर उरले आहे. तिचा माझ्यावरही राग गेला तर तिला कोण राहील? मग करोना आला. मग एवढे दिवस गेले होते, की आता सांगायचं कसं, हाच प्रश्न झाला. नीलाबाई दिवाळीला आणि शिवरात्रीला फोन करायच्या. "लेकरू बरं हाय का? जेवती का?" त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की बाई, माझ्यावरचा आळ काढा. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मालविका तिसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी वॉर्डातून आली. हातपाय न धुताच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. वॉर्डात किनवटकडचा एक म्हातारा होता, त्याच्या मुलाला नातेवाईक खरं सांगत नव्हते, डॉक्टरांनाही सांगू देत नव्हते. "आज तो म्हातारा गेला," ती म्हणाली. "पोरगा खाली चहा प्यायला पाठवलेला. मला ती लातूरची बाईच आठवली. असली माणसं ना, आई, त्यांना वाटतं आपण दुसऱ्याचं भलं करतो."

माझ्या हातात लाटणं होतं. मी ते खाली ठेवलं.

"ती नव्हती," मी म्हटलं. "मी होते."

आणि सगळं सांगितलं. गच्चीवरचा फोन, त्या काय म्हणाल्या ते शब्दाशब्दानं, मी काय म्हणाले ते. शेगडीवरची पोळी जळाली, तिनंच हात पुढं करून गॅस बंद केला.

"तुला सहा दिवस मिळाले," ती म्हणाली.

"हो."

"ते तुला अव्वानं दिले."

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लातूरच्या गाडीत बसली. तीन दिवस तिकडे होती. नीलाबाईंची आणि तिची काय बोलणी झाली, ते मला दोघींपैकी कुणीही सांगितलं नाही. परत आली ती पिशवीभर धपाटे घेऊन. म्हणाली, त्यांचा गुडघा पार गेलाय, पुढच्या महिन्यात नांदेडला आणून दाखवते. आणलंही तिनं. नीलाबाई आमच्याकडे आठ दिवस राहिल्या. मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या जागी मी असते तर मीबी काय केलं असतं, देवाला ठावं." मला माहीत आहे त्यांनी काय केलं असतं. त्यांनाही माहीत आहे.

मालविका माझ्याशी नीट बोलते. औषधं आणून देते, पगार वेळेवर झाला का विचारते, सणाला साडी घेते. पण कॉलेजातून आली की आधी सगळं मला सांगायची, ते आता सांगत नाही. मी एकदाच विचारलं, "तू मला माफ केलंस का गं?"

ती वह्या आवरत होती. थांबली. रागानं नाही, विचार करून बोलली.

"माफीचं काही नाही, आई. तू त्या सकाळी मला विचारलं असतंस, तर मी काय म्हणाले असते? कदाचित पेपरलाच गेले असते. कदाचित नसते गेले. मी कशी मुलगी होते, ते मला कळलं असतं. आता ते कधीच कळणार नाही. तेवढंच आहे."

मग तिनं वह्या कपाटात ठेवल्या आणि रात्रपाळीचा पांढरा कोट इस्त्रीला घेतला. मी तिचा डबा भरायला उठले.